वेदना नावाचा जागल्या



 एरंडोलच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला एकच अट घातली होती. "सर, विज्ञानावर बोला, पण मागच्या रांगेला झोप येईल असं बोलू नका." मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, तेही दुपारच्या तासाला. मागची रांग मला चांगली ठाऊक आहे. म्हणून मीच आधी एक प्रश्न विचारतो. या सभागृहात विंचू चावलेले किती जण आहेत? हात वर करा.

(निम्म्याहून अधिक हात वर.)

पाहा! मुंबईच्या सभागृहात हा प्रश्न विचारला असता, तर चार हातही वर आले नसते. इथं कुणाला कडब्याच्या गंजीत चावला असेल, कुणाला गवऱ्या काढताना, कुणाला चपलेत. मला मी नऊ वर्षांचा असताना चावला, विहिरीच्या काठचा दगड उचलताना. रात्रभर मी ओरडत होतो, आणि आजी उशाशी बसून एकच विचारत होती, "कोठे दुखस, भो?" मला तिचा राग यायचा. कोठे म्हणजे काय? सगळीकडेच दुखत होतं! तिचा तो प्रश्न किती शहाणा होता, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

पूर्वी आपल्या खान्देशात गावोगाव जागल्या असायचा. रात्री काठी आपटत, हाळी देत फिरायचा. त्याच्या हाळीनं झोपमोड होई, लोक कुरकुरत. पण जागल्या नको, असं कुणी म्हणत नसे. शरीरातली वेदना हा असाच जागल्या आहे. त्याच्याविषयी मला आज तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, जागल्या ओरडतो तेव्हा आणि गप्प राहतो तेव्हा काय समजायचं. दुसरी, हा जागल्या राहतो कुठं. तिसरी, ज्या गावात जागल्याच नाही, आणि ज्या गावात तो कधी झोपतच नाही, त्या गावांचं काय होतं.

पहिली गोष्ट. आपल्या जामनेरकडून अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की पलीकडे भोकरदन तालुका लागतो, जालना जिल्ह्यातला. तिथल्या देहेड नावाच्या खेड्यात १९५१ साली एका शेतकरी घरात मुलगा जन्मला. हिंमतराव साळुबा बावस्कर. गरिबीशी झगडत तो शिकला, नागपुरात डॉक्टर झाला. ते सगळं त्यांनी स्वतःच 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मकथनात लिहिलं आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. मी थेट १९७६ सालावर येतो. त्या वर्षी हा तरुण डॉक्टर रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला.

कोकणात तेव्हा विंचवानं माणसं मरत होती. लक्षात घ्या, चावून माणसं ओरडत होती असं मी म्हणत नाही. मरत होती. त्यात पोरं जास्त. गंभीर विषबाधा झालेल्या दर शंभरांत पंचवीस-तीस जण दगावत. आणि लोकांनी ते मान्य करून टाकलं होतं.

इथं एरंडोलमध्ये उभं राहून मला बकासुराची आठवण होणारच. आपलं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, अशी आपली परंपरेची समजूत. पांडववाडा आपल्याकडे, पद्मालय जवळच. त्या कथेतला मला सगळ्यात भयंकर वाटणारा भाग बकासुर नाही. भयंकर आहे ती पाळी. आज या घरातला माणूस, उद्या त्या घरातला. नगरीनं राक्षसाला रोजचा एक माणूस ठरवून दिला आणि उरलेल्यांनी आपापला संसार चालू ठेवला. कोकणातला विंचूही असाच पाळी लावून बसला होता. "विंचवानं गेला" म्हटलं की पुढं कुणी विचारत नसे. मांत्रिक आधी, दवाखाना मागाहून, आणि शेवटी दैव.

या डॉक्टरनं काय केलं? भीमासारखी गदा त्याच्याकडे नव्हती. पाठ्यपुस्तकांत विंचवाला फारशी जागा नव्हती. प्रयोगशाळा नव्हती. होतं ते रक्तदाबाचं यंत्र, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि वही. तो रोग्याच्या खाटेशी बसला. तास-तास बसला. कधी उलटी झाली, कधी घाम फुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हात-पाय गरम की गार, श्वास कधी लागला. सगळं टिपत गेला. एक रोगी, दुसरा रोगी, दहावा, पन्नासावा.

टिपता टिपता एक नक्षी उमटली. विंचू चावलेल्यांचे दोन गट पडतात. एका गटाला दंशाच्या जागी भयंकर ठणका. बोटाला चावला तर कळ खांद्यापर्यंत. माणूस गडाबडा लोळतो, ओरडतो. पण त्याचं हृदय शाबूत, श्वास शाबूत. हा रोगी बहुधा वाचतो. दुसऱ्या गटातल्याला उलट्या होतात, सगळं अंग घामानं भिजतं, तोंडाला लाळ सुटते, हात-पाय बर्फासारखे गार पडतात, लहान मुलग्यांचं शिश्न ताठ राहतं. रक्तदाब आधी भडकतो, मग हृदय थकतं, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून माणूस जातो.

जरा थांबून विचार करा. पहिल्या गटाच्या घरात गोंधळ असतो, धावपळ असते. दुसऱ्या गटातलं पोर कित्येकदा नुसतं घामानं ओलं होऊन पडलेलं असतं. आपण कुणाकडे धावतो? जो ओरडतो त्याच्याकडे! आणि विंचू कुणाला नेतो?

आता मांत्रिकाचं रहस्यही इथंच उलगडतं. विंचू उतरवणाऱ्याचा मंत्र लागू पडतो, असं पिढ्यान्‌पिढ्या लोक का मानत आले? कारण चावलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या गटातले. त्यांचा ठणका मंत्र घातला तरी दिवसभरात उतरतो आणि नाही घातला तरी उतरतो. श्रेय मंत्राला. दुसऱ्या गटातला गेला की दोष नशिबाला. असा हिशेब ठेवला, तर कोणताही मांत्रिक नापास होणार नाही. बावस्करांनी फक्त हिशेबाची वही बदलली. दोन गट दोन पानांवर लिहिले.

१९८२ साली त्यांचा लाल विंचवाच्या दंशातल्या हृदयाच्या पूर्वलक्षणांवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. लंडनचं हे वैद्यकीय साप्ताहिक १८२३ पासून निघतं. बिरवाडी-महाडकडच्या खाटांवर टिपलेली निरीक्षणं तिथं छापून आली. पुढचा प्रश्न उपचाराचा होता. बावस्कर पुण्याला जाऊन एम.डी. झाले, आणि मोठ्या शहरात दुकान थाटायचं सोडून महाडला परतले. सोबत पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. विंचवाचं विष शरीरातल्या अ‍ॅड्रिनॅलीनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर आणतं, रक्तवाहिन्या आवळतं, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय हरतं, हे एकदा कळल्यावर औषध डोळ्यांसमोरच होतं. प्राझोसिन. रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. १९८६ साली या दाम्पत्याचा प्राझोसिनवरचा लेख पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. जिथं शंभरांत पंचवीस-तीस जण जात होते, तिथं मृत्यू एक-दोनावर आले.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढं मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवावरचं प्रतिविष तयार होऊ लागलं, तेव्हा त्यांनी आपल्याच लाडक्या गोळीची परीक्षा घेतली. सत्तर रोगी, चिठ्ठ्या टाकून दोन गट. पस्तीस जणांना नुसती गोळी, पस्तीस जणांना गोळी आणि प्रतिविष. दहा तासांनी पहिल्या गटातले आठ जण पूर्ण बरे, दुसऱ्या गटातले बत्तीस. २०११ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. ज्या गोळीनं आपलं नाव झालं, ती एकटी पुरेशी नाही, हे स्वतःच्या हातानं सिद्ध करायचं! पद्मश्री त्यांना २०२२ साली मिळाली. माझ्या लेखी ते आठ आणि बत्तीस हे आकडे त्याहून मोठे.

(टाळ्या.)

आता दुसरी गोष्ट. जागल्या राहतो कुठं?

तुमच्या बोटापासून मेंदूपर्यंत मज्जातंतू जातो. त्यातून निरोप विजेच्या रूपात जातो, हे आपण शाळेत शिकलो. पण आपल्या अंगात तारा नाहीत, वीज मंडळ नाही. मग वीज येते कुठून? मिठातून. तंतूच्या पडद्यावर सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की बाहेरचा सोडियम आत घुसतो, त्या धक्क्यानं शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. आणि प्रत्येक दार सेकंदाच्या हजाराव्या भागात आपोआप मिटतं. उघडणं महत्त्वाचं, मिटणं त्याहून महत्त्वाचं. मिटलं नाही तर एकच निरोप पुन्हा पुन्हा जात राहील.

विंचवानं कोट्यवधी वर्षांपूर्वी हेच ओळखलं. त्याच्या विषातले काही रेणू सोडियमच्या दारात पाचर मारून बसतात. दार मिटू देत नाहीत. तंतू बोंबलत सुटतो. बोटातल्या तंतूचं दार अडलं तर ठणका, आणि विष पसरून हृदय-रक्तवाहिन्यांना हुकूम देणाऱ्या तंतूंची दारं अडली तर बावस्करांनी पाहिलेलं ते वादळ. पाचर एकच, घरं वेगळी. दवाखान्यात ठणक्यावर बोटात लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात ना? दाढ काढताना देतात तेच. ते काय करतं? तेच सोडियमचं दार बंद करतं. विंचू दार उघडं धरतो, डॉक्टर ते लोटून घेतो. एका दारावरची ही झोंबाझोंबी आहे.

आणखी एक गंमत. आपल्या या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचा रेणू वेगळा काढला गेला. तो पोटॅशियमच्या एका विशिष्ट दारात खुंटीसारखा बसतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अवजार म्हणून वापरतात. ज्याला आपण चप्पल घेऊन मारतो, त्याची नांगी लोकांच्या औजारपेटीत आहे!

पण ही दारं कुणाच्या हुकमानं बनतात? जनुकांच्या. आणि ते उलगडायला मदत केली एका माशीनं. केळी पिकली की घिरट्या घालते ती बारीक माशी, ड्रोसोफिला. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको.

१९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी नावाचे शास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, ग्लासगोत शिकलेले. अणू-परमाणूंच्या संस्थेत जीवशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. पुढं अमेरिकेत सेमूर बेंझर यांच्याबरोबर ते एका विचित्र माशीच्या मागे लागले. ही माशी थंडाव्यात छान उडते, बागडते. तापमान एकोणतीस अंशांच्या आसपास गेलं की धप्पकन पडते. लुळी. पुन्हा थंडाव्यात ठेवली की उठून चालायला लागते! (हसत) तुम्ही हसताय, कारण एकोणतीस अंश म्हणजे जळगावात थंडी. ही माशी आपल्याकडे आली तर दिवाळीनंतरच उठेल.

पण गंमत सोडा, तर्क पाहा. माशीच्या एका जनुकात एक चूक आहे, आणि त्या चुकीमुळे गरमीत तिच्या तंतूतली वीज थांबते. म्हणजे ते जनुक विजेशी संबंधित आहे. १९७६ साली सिद्दिकी आणि बेंझर यांनी अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या तंतूंचं मोजमाप प्रसिद्ध केलं. त्यातलं एक जनुक, ज्याला 'पॅरा' म्हणतात, १९८९ साली उलगडलं. ते निघालं सोडियमच्या दाराचा नकाशा.

वर्ष लक्षात आलं? १९७६. त्याच वर्षी बावस्कर बिरवाडीत रुजू झाले होते. एक जण माशीच्या तंतूला सुई टोचून पाहत होता, दुसरा पोराची नाडी धरून बसला होता. एकमेकांच्या कामाशी काही संबंध नाही. दोघेही एकाच दारावर उभे होते.

मग माणसाचं काय? माशीत आपण मुद्दाम चूक घडवू शकतो, माणसात नाही. माणसात निसर्गानं केलेली चूक शोधावी लागते, आणि ती कुटुंबांत सापडते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी मज्जाविकाराचा विभाग सुरू केला होता. तोल जाणाऱ्या, चालताना झोकांड्या खाणाऱ्या रोग्यांमध्ये त्यांना काही जण वेगळे दिसले. त्यांचे डोळे एका बाजूकडून दुसरीकडे झटकन न फिरता संथ सरकत. वाडियांनी त्यांच्या घरच्यांना पाहिलं, नऊ कुटुंबं जमवली, आणि सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली तो आनुवंशिक विकार जगापुढे मांडला. त्याचं जनुक सापडायला १९९६ साल उजाडलं. पंचवीस वर्षं! जनुक यंत्रानं सापडलं खरं, पण यंत्राला कुणाच्या रक्तात शोधायचं हे सांगितलं ते रोग्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेल्या डॉक्टरनं.

आता तिसरी गोष्ट. ज्या गावात जागल्याच नाही, ते गाव.

पाकिस्तानच्या उत्तर भागात दहा वर्षांचा एक मुलगा होता. रस्त्यावर खेळ करायचा. दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. लोक पैसे टाकायचे. लोकांना वाटे, सिद्धी आहे. त्याला सिद्धी नव्हती. त्याला वेदनाच नव्हती. जन्मापासून कधीही, कुठंही, काहीही दुखलं नव्हतं. गुदगुल्या कळत, गरम-गार कळे, स्पर्श कळे. दुखणं तेवढं कळत नसे. केंब्रिजचे जेफ्री वुड्स आणि त्यांचे सहकारी त्याच्या आणि त्याच्या नातलग कुटुंबांच्या अभ्यासात होते. पण चौदावा वाढदिवस येण्याआधीच तो मुलगा गेला. सवंगड्यांसमोर घराच्या छतावरून उडी मारली. शरीर मोडलं, पण थांब म्हणणारं आत कुणी नव्हतं.

अशा मुलांच्या जिभा आणि ओठ लहानपणीच चावून जखमी झालेले असतात. हाडं मोडतात आणि ती मोडक्या हाडांवर खेळत राहतात. आपल्या पोरानं गुडघा फोडून घेतला आणि भोकाड पसरलं की आपण वैतागतो. त्या घरातल्या आयांनी असं भोकाड ऐकायला काय दिलं नसतं?

२००६ साली 'नेचर'मध्ये उत्तर आलं. माणसाकडे सोडियमच्या दारांची नऊ जनुकं आहेत. त्यातलं एक, एससीएन-९-ए, वेदना वाहणाऱ्या तंतूंतलं दार बनवतं. या मुलांमध्ये त्याच्या दोन्ही प्रती मोडक्या होत्या, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली. एक मोडकी प्रत घेऊन माणूस मजेत जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोन्ही मोडक्या यायला आई-वडिलांचं मूळ बहुधा एकाच घराण्यात असावं लागतं. या कुटुंबांत चुलत-मावस नात्यांत लग्नं होत. (मामाच्या मुलीशी लग्न केलेले काही जण समोर आहेत, मी कुणाकडे पाहत नाही. असे विकार फार विरळ असतात, घाबरू नका. मात्र नात्यात असा काही इतिहास असेल, तर लग्नाआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.)

आणखी पाच वर्षांनी कळलं की अशा माणसांना वासही येत नाही. नाकातही तेच दार लागतं. सिद्दिकींनी पुढची कित्येक वर्षं माशीच्या नाकाचा, तिच्या वास-चवीचा अभ्यास केला होता. वेदना आणि वास एका चौकटीतून ये-जा करतात, हे कुणाला सुचलं असतं?

आणि जागल्या कधीच झोपत नाही असं गाव? तेही आहे. त्याच जनुकात उलट चूक झाली तर दार जरा जास्तच सैल होतं. थोडी ऊब लागली, पायात मोजे घातले, चार पावलं चाललं, की पाय लालबुंद होऊन निखाऱ्यावर धरल्यासारखे जळतात. अमेरिकन डॉक्टर वेअर मिचेल यांनी १८७८ साली या विकाराला एरिथ्रोमेलाल्जिया असं नाव दिलं. त्याचा या जनुकाशी संबंध २००४ साली चिनी रोग्यांमध्ये सापडला. असे रोगी भर हिवाळ्यात गार पाण्यात पाय घालून बसतात. पूर्वी त्यांना किती जणांनी म्हटलं असेल, "पाय तर दिसतायत चांगले, मनाचेच खेळ आहेत तुझे"?

हे वाक्य आपल्या घरांतही आहे, म्हणून सांगतो. कंबर धरून बसलेल्या सासूला, महिन्यातून दोन दिवस पोट धरून पडणाऱ्या मुलीला, डोकं धरणाऱ्या सुनेला आपण हेच म्हणतो. तपासणीत काही निघालं नाही की दुखणं खोटं ठरवतो. त्या जळणाऱ्या पायांच्या दुखण्याचं कारण सव्वाशे वर्षं कुठल्याही तपासणीत सापडत नव्हतं. ते दुखणं खोटं होतं का?

या दोन टोकांमधूनच औषधाची वाट निघाली. ज्यांना दुखत नाही, ती माणसं एरवी निरोगी असतात. मग ते दार तेवढंच थोपवलं तर अफूच्या जातीच्या औषधांचं व्यसन न लागता वेदना थांबेल का? वीस वर्षं अनेक कंपन्या त्याच दारावर डोकं आपटत राहिल्या. शेवटी फळ आलं ते शेजारच्या दारातून. वेदनेच्याच तंतूतलं, दुसऱ्या जनुकाचं सोडियमचं दार रोखणारी सुझेट्रिजिन ही गोळी अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. ती सगळी दुखणी घालवते असं नाही. पण जिभेला किंवा हृदयाला भूल न देता फक्त जागल्याला गप्प करायचं, ही कल्पना आता कल्पना राहिलेली नाही.

त्या शेजारच्या दाराची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी बसणार नाही, कारण ती विंचवाकडे परत आणते. अमेरिकेतल्या वाळवंटात एक लहानसा उंदीर आहे. त्याचं खाद्य काय? विंचू! विंचू त्याच्या नाकावर नांगी मारतो, उंदीर क्षणभर पंजा चाटतो आणि जेवण चालू ठेवतो. २०१३ साली अ‍ॅशली रो यांनी त्याचं रहस्य दाखवलं. या उंदराच्या त्या शेजारच्या दारात एक बारीक बदल आहे. विंचवाचं विष तिथं चिकटतं आणि दार उघडं धरायच्या ऐवजी बंद करतं. म्हणजे विंचवाचा दंशच त्या उंदराचा लिग्नोकेन! नाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा होता आणि उतारा सत्त्वगुणाचा. हा अर्थ मी कीर्तनकारांवर सोपवतो. प्राणिशास्त्राच्या मास्तरला एवढंच दिसतं, की उतारा त्या उंदराच्या अंगातच होता.

आता आवरतो. घड्याळाकडे पाहणाऱ्यांचा ठणका मला कळतो.

तीन गोष्टी सांगितल्या. ओरडणारा जागल्या बहुधा वाचवतो, आणि गावात संकट शिरूनही तो गप्प असेल तेव्हा खरी भीती. त्याची चौकी सोडियमच्या दाराशी असते, आणि ते दार जनुक घडवतं. चौकी रिकामी असेल तर पोर छतावरून उडी मारतं, आणि चौकीदार झोपत नसेल तर माणूस गार पाण्यात पाय घालून आयुष्य काढतो. या तिन्ही गोष्टी कळल्या कशा? कुणीतरी पाळी मानायला नकार दिला आणि दुखणाऱ्या किंवा न दुखणाऱ्या माणसाशेजारी वही घेऊन बसला, म्हणून.

माझ्या आजीकडे वही नव्हती. पण तिचा प्रश्न बरोबर होता. "कोठे दुखस?" याला उत्तर देणारा, म्हणजे बोट दाखवून शिव्या घालत ओरडणारा पोरगा हाताला लागणार, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. आता आठवतं, ती विचारता विचारता आणखी एक गोष्ट करत होती. पांघरुणाखाली हात घालून माझे तळपाय चाचपत होती.

म्हणून जाता जाता एकच मागणं. ठणका असो वा नसो, चावलेल्या प्रत्येकाला दवाखान्यात न्या. कापू नका, आवळून बांधू नका, मंत्रात वेळ घालवू नका, गोळी आपल्या मनानं देऊ नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या. पण गाडी येईपर्यंत एक काम तुमचं आहे. आपल्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पायांना हात लावायची रीत आहे. त्या रात्री ती उलटी करा. ओरडणाऱ्यांच्या गर्दीत एखादं पोर घामानं चिंब होऊन गप्प पडलं असेल, तर त्याच्या पायांना हात लावा. ते गार असतील, तर सगळ्यात आधी गाडीत त्याला बसवा.